कार्ड ८२ वर गेलं म्हणून घाबरू नका, आधी खोली किती तापलीय ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज पहिल्या पानावर कोपऱ्यात कालचं कमाल आणि किमान तापमान येतं ना, त्या चौकटीवरूनच हे पत्र लिहितोय. पत्र लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा, कारण या उन्हाळ्यात माझ्याच ओळखीतल्या तीन जणांनी चांगली चालू असलेली ग्राफिक्स कार्डं (कॉम्प्युटरमधला चित्राचं आणि व्हिडिओचं जड काम करणारा भाग) घाबरून मिळेल त्या भावाला विकली आणि तिघांचं कारण एकच, स्क्रीनवर कार्डाचं तापमान ८० अंशाच्या वर दिसलं आणि कुणीतरी सांगितलं की आता हे जळणार. तिघंही कष्टानं कमावणारी पोरं आहेत, एकानं तर कर्ज काढून मशिन घेतलं होतं. हे बघून राहवलं नाही.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, बारा वर्षं झाली. घर साखर पेठेत, खाली आई-वडील राहतात आणि वर पत्र्याची खोली आहे, तीच माझी एडिटिंगची रूम. सोलापूरच्या उन्हाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, मे महिन्यात ४२-४३ म्हणजे रोजचंच, ४४ ला टेकलं की मग लोक बोलायला लागतात. आणि आमच्या धंद्याची अडचण अशी की काम नेमकं तेव्हाच असतं. पौषात लग्नं नसतात, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत हवा मस्त गार असते तेव्हा मशिन रिकामं पडलेलं, आणि एप्रिल-मेत एकामागं एक लग्नं लागतात तेव्हा दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही आणि फोटोवाला, अल्बमवाला, नवरीचा मामा सगळे रोज फोन करतात, झालं का दादा, झालं का दादा.

मागच्या वर्षी मे महिन्यात असंच एका रात्री एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फिल्मची फाइल काढायला, लावून बसलो होतो. माझं कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. मित्र शेजारी बसला होता, त्यानं आकडा बघितला आणि म्हणाला, "८२ दाखवायलंय बे, बंद कर आधी, जळतंय ते." मी पण घाबरलो, खरंच घाबरलो, कारण हातात चार लग्नांचं काम होतं आणि अ‍ॅडव्हान्स घेऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उचललं आणि एका दुकानात नेलं. तिथं त्यांनी मशिन चालू केलं, दहा मिनिटं कुठलीतरी टेस्ट लावली, ८४ आकडा दाखवला आणि सांगितलं की ८० च्या वर गेलं म्हणजे चिप आतून भाजली, आता महिनाभर चाललं तर नशीब, आत्ता दिलं तर काहीतरी पैसे येतील, आणि लगेच नव्या कार्डाचं कोटेशन काढून हातात दिलं, तीस हजाराच्या वरचं. कॅबिनेट उघडून आत बघितलं नाही. दुकानात एसी आहे का पंखा आहे, माझी खोली कशी आहे, काहीच विचारलं नाही. मी पैशाची जमवाजमव करायला घरी आलो.

आमच्या शेजारी लूमचं शेड आहे, टॉवेल काढतात. त्यांना मी लहानपणापासून अण्णा म्हणतो, अख्खं आयुष्य मागावर गेलंय त्यांचं. संध्याकाळी दारात बसलो होतो, चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. कॉम्प्युटर हा विषय त्यांचा नाही, पण त्यांनी जे विचारलं ते दुकानात कुणी विचारलं नव्हतं. म्हणाले, "८२ झालं म्हणतोस, बरं, पण खोलीत किती होतं?" मग मला शेडमधे घेऊन गेले आणि लूमच्या मोटारीवरची पत्र्याची प्लेट दाखवली. तुम्ही कधी बघितलीय का ती प्लेट? त्यावर हॉर्सपॉवर, व्होल्ट तर असतातच, शिवाय इन्सुलेशनचा क्लास लिहिलेला असतो आणि भोवतालचं तापमान किती धरलंय ते पण असतं. बी क्लासचं इन्सुलेशन १३० अंशापर्यंत, एफ क्लासचं १५५ पर्यंत चालतं. म्हणजे बनवणाऱ्यानं आधीच धरलेलं असतं की शेडमधे इतकं ऊन असणार, त्याच्यावर मोटार एवढी चढणार, आणि तरी वायंडिंगला काही होता कामा नये. अण्णा म्हणाले की मोटार किती तापली हे नुसतं सांगून काही कळत नाही, भोवतालच्या वर किती चढली ते सांग, आणि मागच्या वर्षी किती चढत होती ते सांग. ती चढ वाढली तर बेअरिंग बघायचं, लोड बघायचं, सुताचं बसलेलं तूस साफ करायचं. चढ तेवढीच असली आणि शेडच तापलं असलं तर मोटारीला दोष कशाला द्यायचा.

संपादक साहेब, मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, पण ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत हे कुणी सांगत नाही म्हणून पुढचं सगळं लिहितोय.

त्या दिवसापासून मी वही घातली. भिंतीवरचं एक छोटं डिजिटल थर्मामीटर आणून कॅबिनेट जिथून हवा ओढतं तिथं ठेवलं. एकच जुनी लग्नाची फिल्म, एकच सेटिंग, नॉइज रिडक्शन लावून एक्स्पोर्ट, कारण त्यात कार्डावर पूर्ण लोड येतो, आणि वीस मिनिटांनी तीन आकडे लिहायचे, खोली किती, कार्ड किती, कार्डाचा पंखा किती टक्के. मे महिन्यात रात्री खोली ३८, कार्ड ८२, पंखा ७६ टक्के. ऑगस्टमधे खोली ३०, कार्ड ७५. आणि जानेवारीत गड्ड्याच्या आठवड्यात, रात्री स्वेटर घालून बसलो होतो, खोली २३, कार्ड ६९, पंखा ५४ टक्के. आता वजाबाकी करा. ४४, ४५, ४६. तेच कार्ड, तेच काम, आणि चढ जवळजवळ तेवढीच. उलट उन्हाळ्यात दोन अंशानं कमीच, कारण तेव्हा पंखा जोरात फिरत होता. दुकानवाल्यानं ज्याला चिप भाजली म्हटलं ते खरं तर माझ्या पत्र्याचं ऊन होतं.

असं का होतं ते सोपं आहे. कार्ड जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ३०६० चं कार्ड फुल लोडला १७० वॅट खातं, म्हणजे जुन्या पिवळ्या ६० वॅटच्या बल्बसारखे जवळजवळ तीन बल्ब एका डब्यात पेटलेले समजा. ती उष्णता चिपमधून तिच्यावर लावलेल्या थर्मल पेस्टमधे, पेस्टमधून तांब्याच्या नळ्यांत, तिथून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांत (या सगळ्याला हीटसिंक म्हणतात) आणि पात्यांमधून हवेत जाते. आता पात्यांवरून जाणारी हवाच ३८ ची असली तर चिप ३८ च्या खाली येणं शक्यच नाही, तिला त्याच्या वर ठरलेली चढ चढावीच लागते तरच उष्णता बाहेर जाते. पंखा कितीही मोठा लावा, पंखा हवा हलवतो, हवा गार करत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली सिलिंग फॅन लावून बसल्यावर आपल्याला जे होतं तेच कार्डाला होतं.

म्हणून पुण्यातला किंवा बेंगळुरूचा कुणी व्हिडिओत सांगतो की माझं हेच कार्ड ६५ च्या वर जात नाही, ते खरं असतं, पण तो एसीत २४ वर बसलेला असतो. त्याचा आकडा आपल्या आकड्याशी लावून बघायचा नाही. त्याची चढ लावून बघा, ४१ आली ना, मग आपल्या ४४ मधे फार काही फरक नाही.

आता एकाच मॉडेलची दोन कार्डं एकाच खोलीत वेगळी का तापतात, हे पण लोक विचारतात. चिप कंपनी एक असते पण कार्ड बनवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या, कुणी दोन पंख्यांचा छोटा हीटसिंक लावतं, कुणी तीन पंख्यांचा जाड. कुणी पंखे आवाज नको म्हणून हळू ठेवतं आणि तापमान चढू देतं, कुणी जोरात फिरवून तापमान खाली ठेवतं, दोन्ही बरोबरच आहे, आवडीचा प्रश्न आहे. एकाच वेफरमधल्या, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या, दोन चिपसुद्धा सारख्या नसतात, एकीला त्याच स्पीडला थोडं जास्त व्होल्टेज लागतं आणि ती थोडी जास्त तापते. शिवाय कॅबिनेट. समोर पूर्ण काच असलेलं दिसायला छान असतं पण हवा आत जायला फटच नसते, आणि आपल्याकडं अजून एक पद्धत आहे, सुताराकडून टेबल बनवून घ्यायचं आणि त्यात कॅबिनेटसाठी दार असलेला कप्पा करायचा. तो कप्पा म्हणजे हॉट केस झाला. कार्ड स्वतःच सोडलेली गरम हवा परत परत ओढतं. माझ्या एका मित्रानं फक्त त्या कप्प्याचं मागचं प्लायवूड कापून काढलं, ९ अंश कमी झाले, खर्च शून्य.

कामाप्रमाणं पण आकडा बदलतो. फर्मार्क सारखी टेस्ट कार्डाला मुद्दाम पिळून काढते, रोजच्या कामात किंवा गेममधे तेवढा लोड सहसा येत नाही, त्यामुळं दुकानात ती टेस्ट लावून ८४ दाखवलं म्हणजे तुमच्या घरी रोज ८४ होतं असं नाही. आणि काहीच काम चालू नसताना ५० दाखवतं म्हणून घाबरणारे पण खूप आहेत. बऱ्याच नवीन कार्डांत लोड नसताना पंखे पूर्ण बंदच राहतात, ५०-६० च्या आसपास गेलं की मग सुरू होतात, त्यामुळं उन्हाळ्यात नुसतं डेस्कटॉपवर ४५ ते ५५ दिसणं अगदी नॉर्मल आहे. पंखा फिरत नाही म्हणून बिघडला असं समजू नका. दोन मॉनिटर जोडले किंवा १४४ हर्ट्झचा लावला तर काही कार्डांची मेमरी खालच्या स्पीडला उतरत नाही, मग रिकामं असताना पण पाच-दहा अंश जास्त दिसतात.

मग सेफ किती? हे विचारल्यावर लोकांना एक आकडा हवा असतो, ८० म्हटलं की लक्षात राहतं. पण बनवणाऱ्यानंच आकडा दिलेला आहे तो बघा ना. माझ्या कार्डाची चिप कंपनी एनव्हिडिया, तिच्या स्पेसिफिकेशनमधे ३०६० साठी कमाल ९३ अंश लिहिलंय, ४० सिरीजच्या कार्डांना ९०, जुन्या जीटीएक्स १०६० ला ९४. दुसरी चिप कंपनी एएमडी, तिनं २०१९ मधे आरएक्स ५७०० आल्यावर सांगितलं होतं की चिपवरचा सगळ्यात गरम बिंदू, ज्याला हॉटस्पॉट किंवा जंक्शन म्हणतात, तो ११० पर्यंत गेला तरी ते धरूनच डिझाइन केलंय. इथं एक घोळ नेहमी होतो. सॉफ्टवेअरमधे दोन-तीन आकडे दिसतात, एक जीपीयूचा म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचा, एक हॉटस्पॉटचा, काही कार्डांत मेमरीचा, आणि माणूस सगळ्यात मोठा आकडा बघून हादरतो. हॉटस्पॉट हा सहसा जीपीयूच्या आकड्यापेक्षा १०-१५ नं जास्त असतो, २० पर्यंत पण चालतं. त्याच्या बराच वर, २५-३० चा फरक दिसायला लागला तर मात्र पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही असं समजावं. मेमरीचं पण तसंच, ३०८० आणि ३०९० मधे जीडीडीआर६एक्स मेमरी आहे ती खूप तापते, ३०९० मधे तर अर्ध्या चिप कार्डाच्या मागच्या बाजूला आहेत, तिथं १०० च्या वरचे आकडे लोकांनी बघितलेत.

माझं स्वतःचं मत, वहीवरून आणि बारा वर्षांच्या कामावरून, असं आहे की सोलापूरच्या उन्हाळ्यात फुल लोडला ७० ते ८५ मधे असलं तर शांतपणे काम करा. ८५ च्या वर राहायला लागलं तर कॅबिनेट उघडून बघा. ९० ला टेकत असलं तर काम थांबवून कारण शोधा. आणि एवढं झालं तरी कार्ड जळत नाही, हे नीट समजून घ्या. कार्ड स्वतःच स्वतःला सांभाळतं. बऱ्याच एनव्हिडिया कार्डांत टेंपरेचरचं टार्गेट ८३ ठेवलेलं असतं, त्याच्या जवळ गेलं की पंखा वाढतो आणि स्पीड थोडा थोडा उतरतो, कमाल आकड्याला पोचलं की जोरात उतरतो, आणि त्याच्यावर काही अंश गेलं तर मशिन सरळ बंद होतं. खरं तर स्पीड त्याच्या खूप आधीपासूनच तापमानाप्रमाणं बारीक पायऱ्यांनी कमी होत असतो, ते कुणाच्या लक्षात पण येत नाही. माझ्या वहीत जानेवारीत जो एक्स्पोर्ट २१ मिनिटांत झाला तो मे महिन्यात २१ मिनिटं आणि २० सेकंदात झाला. वीस सेकंदांसाठी तीस हजार घालणार होतो मी.

म्हणजे उष्णतेनं काहीच होत नाही असं मी म्हणत नाही, तसं कुणी सांगितलं तर ते पण खोटं. गार मशिन जास्त वर्षं टिकतं. पंख्याच्या बेअरिंगचं ग्रीस वाळतं, पेस्ट आणि मेमरीवरचे पॅड कडक होतात, आणि सारखं तापणं-थंड होणं यानं चिपखालचे बारीक सोल्डरचे ठिपके फुगून आकसून थकतात. २००८ मधे खुद्द एनव्हिडियाला लॅपटॉपच्या काही चिपमधल्या अशाच कमजोर मटेरियलसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढायला लागले होते. पण ते मटेरियलच कमजोर होतं. नीट बनवलेल्या कार्डाला एका मे महिन्यात ८२ वर चालून काही होत नाही, माझं त्यानंतर एक अख्खी लग्नसराई काढून बसलंय.

खरी लक्षणं वेगळी असतात आणि ती बघायला शिकावं. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन, रेघा येणं. ड्रायव्हर सारखा क्रॅश होणं. पंख्याचा खरखर आवाज, किंवा दोनपैकी एकच फिरणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोली तेवढीच असताना, काम तेवढंच असताना चढ वाढत जाणं. गेल्या वर्षी ४० होती, आता ५० आहे, तर काहीतरी झालंय, मग आकडा ७५ का असेना. जानेवारीत ७५ दाखवणारं कार्ड मे महिन्यातल्या ८२ वाल्यापेक्षा जास्त आजारी असू शकतं. हे दुकानात सांगून बघा, अजून बऱ्याच जणांना पटत नाही.

आता तुसाबद्दल, कारण हा खास आपल्या गावचा विषय आहे. साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं जे लोक राहतात त्यांना माहितीय, लूमच्या शेडमधून सुताचं बारीक तूस उडतं आणि ते सगळीकडं बसतं, खिडकीच्या जाळीवर, पंख्याच्या पात्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. साधी धूळ हीटसिंकमधून काही प्रमाणात निघून तरी जाते, तूस एकमेकात अडकून नमद्यासारखा थर करतं. मी जेव्हा शेवटी कार्ड काढून पंखे उघडले तेव्हा पात्यांवर पांढरी गादीच तयार झाली होती, बोटानं उचलली तर अख्खी निघाली. ती काढली, फक्त ती, पेस्ट पण बदलली नाही, आणि चढ ४४ वरून ३६ वर आली. खोली ३९ असताना कार्ड ७५. आठ अंश नुसते तुसाचे होते. दुकानात कॅबिनेट उघडून दोन मिनिटं बघितलं असतं तरी दिसलं असतं.

साफ करताना एक-दोन गोष्टी. लूमवाल्यांकडं किंवा पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर असतो म्हणून पोरं कॅबिनेट तिथं घेऊन जातात, ते करू नका, त्या हवेबरोबर टाकीतलं पाणी आणि तेलाचा अंश येतो. घरगुती ब्लोअर चालतो, पण मारताना पंख्याला बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा, नाहीतर तो नको तेवढ्या जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं. मशिन बंद, वायर काढलेली, हे तर सांगायला नकोच. आमच्यासारख्या भागात दर दोन-तीन महिन्यांनी, बाकी गावात वर्षातून दोनदा पुरे. आणि कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावणं, हे मी पण केलंय, चार-पाच अंश कमी होतात, पण लूमशेजारी राहत असाल तर महिन्यात त्याच्या दुप्पट तूस आत जातं. त्यापेक्षा समोरच्या जाळीला फिल्टर लावा आणि तो दर आठवड्याला झटका.

कूलरचं पण सांगतो. आपली हवा कोरडी असल्यामुळं सोलापुरात कूलर चांगला चालतो, खोली पाच-सहा अंश तरी उतरते आणि कार्ड पण तेवढंच उतरतं, हे वहीत दिसतंय. फक्त कूलरचं तोंड कॅबिनेटवर धरू नका, पाण्याचे बारीक तुषार येतात आणि आपलं पाणी क्षाराचं, ते कार्डावर सुकलं तर पांढरे डाग आणि गंज. खोली गार करा, मशिन आपोआप होईल.

तूस काढूनही ज्याला अजून उतरवायचं असेल त्यानं पॉवर लिमिट, म्हणजे कार्डानं जास्तीत जास्त किती वीज खायची ती मर्यादा, कमी करून बघावी. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात एक पट्टी असते, ती मी ८० टक्क्यांवर आणली म्हणजे १७० च्या ऐवजी १३६ वॅट. चढ अजून ६ नं उतरली आणि २१ मिनिटांच्या एक्स्पोर्टला एक मिनिट जास्त लागलं. एप्रिल ते जून मी तसंच ठेवतो, लाइट बिल पण थोडं कमी येतं आणि खोलीत तेवढी उष्णता कमी पडते, रात्रभर बसणाऱ्याला ते जाणवतं. गेम खेळणाऱ्यांनी एफपीएसला, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम काढायच्या त्याला, लिमिट लावावं, ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर कार्ड १५० फ्रेम काढत बसलं तर ती मेहनत डोळ्याला दिसत नाही, खोली मात्र तापते.

इंजिनिअरिंगला, अ‍ॅनिमेशनला गेलेली पोरं लॅपटॉप वापरतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. बऱ्याच लॅपटॉपमधे प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच तांब्याच्या नळीवर असतात, जागा कमी, त्यामुळं ८० ते ८७ हे तिथं नेहमीचं आहे. पण तो गादीवर, सोलापुरी चादरीवर ठेवून वापरू नका. जाड चादर खालच्या जाळ्या पूर्ण बंद करते. मागच्या बाजूला दोन पुस्तकं घालून उंच केला तरी फरक पडतो. माझ्या पुतणीचा लॅपटॉप गेम चालू करताच अडकत होता, तिला सांगितलं होतं की रॅम वाढवा. फळीवर ठेवला, चालू झाला.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी मात्र जास्त जपून. सप्टेंबर २०२२ मधे इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस चालवून ते चलन कमावणं) बंद झाल्यावर खूप वापरलेली कार्डं बाजारात आली आणि ती अजून फिरतायत. मायनिंगचं म्हणून कार्ड वाईटच असतं असं नाही, एकाच तापमानावर सारखं चाललेलं असतं, पण पंखे आणि मेमरीचे पॅड झिजलेले असतात. घेताना विक्रेत्यासमोर वीस मिनिटं लोड लावा, खोलीचं तापमान बघा, वजाबाकी करा, हॉटस्पॉटचा फरक बघा. तापमान बघायला वेगळं काही नको, विंडोज १० च्या २०२० च्या मे अपडेटपासून टास्क मॅनेजरमधे जीपीयूचं तापमान दिसतं, हॉटस्पॉटसाठी जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो टाका.

आता दोन विनंत्या. पहिली गावातल्या कॉम्प्युटर दुकानदारांना आणि रिपेअर करणाऱ्यांना. त्यातले बरेच जण प्रामाणिक आहेत, मला नंतर पेस्ट बदलून देणाऱ्यानं मजुरी सोडून एक रुपया जास्त घेतला नाही. पण कार्ड तपासून दिलं की बिलावर कार्डाच्या आकड्याबरोबर दुकानातलं तापमान पण लिहून द्या, कुठली टेस्ट लावली तेही लिहा. दोन आकडे जास्त लिहायला काही जात नाही आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी स्वतःच ताडून बघू शकेल.

दुसरी विनंती तुम्हाला. उष्माघातापासून कसं वाचायचं, पाणी किती प्यायचं, जनावरांना कुठं बांधायचं हे तुम्ही दर उन्हाळ्यात छापता आणि ते वाचून माझी आई आम्हाला कांदा खिशात ठेवायला लावते. या गावात आता पत्र्याच्या खोलीत, स्लॅबखालच्या माडीवर कॉम्प्युटर लावून पोट भरणारी शेकडो पोरं आहेत, एडिटिंगवाली, डिझाइनवाली, चादर-टॉवेलची नक्षी काढणारी. स्लॅब तर दिवसभर तापून रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत असतो, आणि हे लोक काम नेमकं रात्री करतात. तुमच्या चौकटीतला ४३ चा आकडा सावलीतला, मोकळ्या हवेतला असतो, पत्र्याखाली दुपारी त्याच्यापेक्षा जास्त भरतं हे माझं थर्मामीटर सांगतं. तर मार्चच्या शेवटी, पहिला ४० चा आकडा छापाल त्या दिवशी, त्या चौकटीखाली दोन ओळी मशिनसाठी पण टाका, तूस काढा आणि खोलीचं तापमान वजा करून कार्डाचा आकडा वाचा, एवढंच. जागा पुरत नसली तर माझं पत्र कापा, पण त्या दोन ओळी छापा.

आपला,
एक नियमित वाचक
साखर पेठ, सोलापूर